आतड्याचा दाह आणि डोळ्यांची कोरड

आतडे आणि डोळा या दोन इंद्रियांचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका सामान्य माणसाच्या मनात सहसा येत नाही. एक इंद्रिय उदराच्या पोकळीत दडलेले, तर दुसरे चेहऱ्यावर उघडे. एकाचे काम अन्न पचविण्याचे व शोषून घेण्याचे, तर दुसऱ्याचे प्रकाश टिपण्याचे. वैद्यकाच्या शाखाही त्यानुसार वेगळ्या झाल्या आहेत. पोटाचा रोगी एका वैद्याकडे जातो आणि डोळ्याचा रोगी दुसऱ्याकडे. परंतु शरीराला ही वाटणी ठाऊक नसते. आतड्याचा दीर्घकालीन दाह जडलेल्या अनेक रोग्यांचे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. क्वचित प्रसंगी त्यांची दृष्टीही धोक्यात येते. हे का घडते आणि रोग्याने त्याबाबत काय जाणून असावे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

रायपूरसारख्या शहरात या प्रश्नाला एक वेगळे महत्त्व आहे. येथे एप्रिल महिन्यातच पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. मेअखेरीच्या नवतपाच्या दिवसांत दुपारचा वारा इतका कोरडा असतो, की ओला कपडा पाहता पाहता वाळून जातो. उरला आणि सिलतरा येथील औद्योगिक वसाहतींमध्ये लोखंडाचे कारखाने आहेत, त्यांचा धूर व धूळ हवेत मिसळते. धान मळण्याच्या हंगामात गावोगाव बारीक कोंडा उडत असतो. अशा प्रदेशात डोळे चुरचुरणे ही कोणालाच नवलाची गोष्ट वाटत नाही. 'ऊन लागले', 'धूळ गेली' असे म्हणून माणूस डोळ्यांवर पाणी मारतो आणि कामाला लागतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु ज्याला वर्षानुवर्षे रक्त व आव पडण्याचा, अतिसाराचा किंवा पोटदुखीचा विकार आहे, त्याच्या बाबतीत हेच सोपे उत्तर घातक ठरू शकते.

आतड्याच्या दाहाचे दोन प्रकार

दूषित अन्नपाण्याने होणारा जुलाब काही दिवसांत थांबतो. येथे ज्या विकारांचा विचार आहे ते याहून भिन्न होत. त्यांत शरीराची स्वतःची संरक्षण-यंत्रणाच आतड्याच्या अस्तराविरुद्ध उठते आणि हा दाह महिनोन्महिने, कधी आयुष्यभर, कमीजास्त होत राहतो. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला, बृहदांत्राचा व्रणयुक्त दाह. तो गुदाशयापासून सुरू होऊन वरच्या दिशेने सलग पसरतो आणि मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरताच मर्यादित राहतो. दुसरा, क्रोन विकार. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, तुटक तुटक पट्ट्यांत पसरतो आणि आतड्याच्या भिंतीची संपूर्ण जाडी पोखरतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते ठिकाण होय.

बरिल क्रोन या अमेरिकन वैद्याने गिन्झबर्ग व ओपनहायमर या सहकाऱ्यांसमवेत १९३२ साली या दुसऱ्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचेच नाव पुढे विकाराला चिकटले. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने क्रोनचे त्याहून सात वर्षे आधीचे लेखन अधिक उद्बोधक आहे. १९२५ साली त्याने बृहदांत्रदाहाच्या दोन रोग्यांची हकिकत लिहिली. या रोग्यांच्या डोळ्यांना दाह झाला होता, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात, म्हणजे स्वच्छमंडलात, गढूळपणा आला होता आणि एकूण स्वरूप डोळे शुष्क होण्याच्या रोगासारखे दिसत होते. म्हणजे आतडे आणि डोळा यांच्या संबंधाची नोंद होऊन शंभर वर्षे उलटली आहेत.

हे विकार पाश्चात्त्य देशांतलेच आहेत, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. तो आता टिकण्यासारखा नाही. पंजाबात घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत दर एक लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना बृहदांत्राचा व्रणयुक्त दाह असल्याचे आढळले. क्रोन विकाराचे निदान आपल्या देशात विशेष कठीण जाते, कारण आतड्याचा क्षय त्याच्याशी हुबेहूब जुळतो. दोहोंत ताप, वजन घटणे, पोटदुखी ही लक्षणे सारखीच असतात. त्यामुळे रोग्याला योग्य निदानापर्यंत पोहोचायला पुष्कळ काळ लागतो आणि त्या काळात डोळ्यांची तक्रार सांगण्याचे त्याला सुचतही नाही.

अश्रूंचे पटल

डोळे कोरडे पडतात म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी अश्रूंचे कार्य पाहिले पाहिजे. अश्रू केवळ दुःखाच्या वेळी येतात असे नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचे एक अतिशय पातळ पटल अहोरात्र पसरलेले असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. तरीही त्यात तीन घटक असतात. सर्वांत बाहेर तेलकट थर असतो. तो पापण्यांच्या कडेला असणाऱ्या मायबोमियन ग्रंथींतून स्रवतो आणि खालच्या पाण्याचे बाष्पीभवन रोखतो. मध्ये पाण्याचा भाग असतो, तो मुख्यतः अश्रुग्रंथींतून येतो. त्यात क्षार, प्रथिने आणि जंतुनाशक द्रव्ये असतात. सर्वांत आत श्लेष्म्याचा थर असतो. नेत्रश्लेष्मकलेतील विशिष्ट पेशी तो तयार करतात आणि त्याच्यामुळेच पाणी डोळ्याच्या पृष्ठभागावर सारखे पसरून टिकून राहते.

तव्यावर तेलाचा हात फिरवला नसेल तर धिरड्याचे पीठ एकसारखे पसरत नाही, मध्येच तुटते. श्लेष्मा कमी पडला की अश्रूंच्या पटलाचेही असेच होते. पाणी भरपूर असूनही ते जागोजागी फाटते. दर मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापणी लवते आणि प्रत्येक वेळी हे पटल नव्याने सारवले जाते. वाचताना किंवा पडद्याकडे टक लावून पाहताना पापणी कमी लवते, म्हणून अशा वेळी कोरडेपणा अधिक जाणवतो.

यातून एक चमत्कारिक गोष्ट उद्भवते. कोरड्या डोळ्यांतून पुष्कळदा पाणी वाहते. पृष्ठभाग उघडा पडून टोचू लागला, की मज्जातंतू अश्रुग्रंथीला इशारा देतात आणि पाण्याचा लोट येतो. परंतु हे पाणी तेल व श्लेष्मा यांच्या योग्य प्रमाणाशिवाय आलेले असल्यामुळे टिकत नाही, गालावर ओघळून जाते. 'माझे डोळे तर सारखे वाहतात, मग ते कोरडे कसे?' या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

कोरड कोणत्या वाटांनी येते

आतड्याच्या दाहाच्या रोग्याचे डोळे एकाच कारणाने कोरडे पडत नाहीत. निरनिराळ्या वाटांनी ही कोरड येते आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असतो. म्हणून त्या वेगवेगळ्या ओळखणे आवश्यक आहे.

पहिली वाट दाहाची. संरक्षण-यंत्रणेची बिघडलेली शिस्त आतड्यापुरतीच राहते असे नाही. सांधे, त्वचा व डोळे यांनाही तिची झळ पोहोचते. अश्रुग्रंथी व नेत्रश्लेष्मकला दाहाने दुखावल्या, की स्राव कमी होतो व त्याची प्रत खालावते. काही रोग्यांना याच्या जोडीला स्योग्रेन विकारही असतो. स्वीडनच्या हेन्रिक स्योग्रेन या नेत्रवैद्याने १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडते. कोरडी भाकरी किंवा पोहे पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नसतील, तर ही गोष्ट वैद्याला आवर्जून सांगावी.

दुसरी वाट औषधांची. पोटातील कळ थांबविण्यासाठी डायसायक्लोमीनसारखी औषधे सर्रास घेतली जातात. ती आतड्याच्या स्नायूंना सैल करणाऱ्या ज्या मार्गाने काम करतात, त्याच मार्गाने अश्रू व लाळ यांचा स्रावही कमी करतात. सर्दी-खाजेवरील काही गोळ्या, तसेच नैराश्यावरील व झोपेसाठी दिली जाणारी काही औषधे यांचाही असाच परिणाम होतो. अशा रोग्याला डोळ्यांत नवे औषध घालण्याआधी जुन्या औषधांची यादी पाहणे अधिक हिताचे असते. मात्र कोणतेही औषध रोग्याने आपल्या मनाने बंद करू नये.

तिसरी वाट हवेची व सवयींची. उष्ण वारा, धूळ, धूर, पंख्याचा थेट झोत व टक लावून करण्याचे काम यांनी निरोगी माणसाचेही अश्रुपटल तुटते. ज्याचे पटल आधीच दुबळे आहे, त्याला हा भार सोसत नाही.

चौथी वाट अन्नशोषणाची. ती तुलनेने विरळ आहे, परंतु दृष्टीच्या दृष्टीने सर्वांत घातक. म्हणून तिचा स्वतंत्र विचार करू.

अ जीवनसत्त्वाची वाट

डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशी ओलसर व श्लेष्मल राहण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास या पेशी त्वचेसारख्या रुक्ष व कठीण होऊ लागतात. आरंभी संधिप्रकाशात दिसेनासे होते, म्हणजे रातांधळेपणा येतो. मग नेत्रश्लेष्मकला निस्तेज होते आणि पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटॉटचे डाग दिसू लागतात. शेवटी स्वच्छमंडल शुष्क होऊन वितळते. ही अखेरची अवस्था फार थोड्या काळात येऊ शकते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही.

हा रोग आपल्या देशाला अपरिचित नाही. लहान मुलांना त्यापासून वाचविण्यासाठी भारत सरकारने १९७० साली अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. परंतु त्यामुळेच एक समज रूढ झाला आहे: हा कुपोषित बालकांचा रोग, पोटभर जेवणाऱ्या प्रौढाला तो कसा होईल? क्रोन विकाराचा रोगी या समजुतीला अपवाद आहे.

अ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि त्यांच्याबरोबरच शोषले जाते. स्निग्ध पदार्थांच्या शोषणासाठी पित्तक्षार लागतात. हे क्षार यकृतातून येतात, आपले काम करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परततात. एकाच बादलीने पुन्हा पुन्हा पाणी शेंदावे तसे ते वापरले जातात. क्रोन विकाराने नेमका हाच शेवटचा भाग नासला, किंवा शस्त्रक्रियेत तो कापून काढावा लागला, तर पित्तक्षार मलावाटे वाया जातात. सुमारे १०० सेंटिमीटरहून अधिक भाग गेला असेल, तर यकृत ही तूट भरून काढू शकत नाही. मग स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, मल तेलकट व दुर्गंधीयुक्त होतो आणि अ जीवनसत्त्वही त्याबरोबर निघून जाते.

छत्तीसगडच्या जेवणात मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, पालेभाजी आणि लाल भाजी मुबलक असते. आंबा व पपई यांनाही तोटा नसतो. या सर्वांत अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप असते. तरीही अशा रोग्याला त्याचा पुरेसा लाभ होत नाही, कारण ताटात वाढलेले रक्तात पोहोचतेच असे नाही. त्यात भर म्हणजे जुलाबाच्या भीतीने तो पालेभाज्या, दूध, तूप हे पदार्थ आपण होऊन वर्ज्य करतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ जीवनसत्त्वाचा मोठा साठा यकृतात असतो. तो संपायला अनेक महिने, कधी वर्षेही लागतात. शस्त्रक्रिया होऊन रोगी सुधारला, कामावर रुजू झाला आणि त्यानंतर बऱ्याच काळाने त्याला दिवेलागणीच्या वेळी रस्ता नीट दिसेनासा झाला, तर या दोन घटनांचा संबंध तो जोडत नाही. हा संबंध जोडणे हे वैद्याचे व कुटुंबीयांचे काम आहे. केवळ मोठ्या आतड्याला दाह असलेल्या रोग्याला मात्र ही भीती बरीच कमी असते, कारण त्याचे लहान आतडे शाबूत असते.

लाल डोळ्यांतील भेद

प्रत्येक लाल डोळा कोरडा नसतो, हे रोग्याने पक्के ध्यानात धरले पाहिजे. आतड्याच्या दाहाबरोबर डोळ्यांचे आणखी काही विकार येतात. श्वेतपटलावरील वरच्या थराचा दाह हा त्यांपैकी एक. त्यात डोळा लाल होतो, थोडा चुरचुरतो, पण दृष्टी उत्तम राहते. पोटाचा विकार उसळला की तो बहुधा उसळतो आणि पोट शमले की शमतो. स्वतः श्वेतपटलाचा दाह मात्र गंभीर असतो. त्यात खोलवर ठणका लागतो, तो झोपू देत नाही. तिसरा विकार डोळ्याच्या आतील मध्यपटलाचा दाह होय. त्यात डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही आणि अंधुक दिसू लागते. हा दाह पोटाच्या स्थितीशी जुळवून चालत नाही. पोट पूर्ण शांत असतानाही तो येतो, कधी पोटाचा विकार प्रकट होण्याआधीही येतो.

कोरडेपणाची लक्षणे याहून सौम्य व रेंगाळणारी असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, संध्याकाळी त्रास वाढतो, पापणी लववली की क्षणभर बरे दिसते. याउलट तीव्र वेदना, उजेडाचा त्रास, दृष्टी अंधुक होणे, अंधारात न दिसणे किंवा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसणे यांपैकी एक जरी लक्षण असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रवैद्याकडे जावे.

परीक्षा व उपचार

कोरडेपणा मोजण्याच्या परीक्षा साध्या आहेत. ऑटो शर्मर या जर्मन वैद्याने १९०३ साली सुचविलेली परीक्षा आजही वापरात आहे. टिपकागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवितात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली हे पाहतात. बधिर करणारे थेंब न घालता केलेल्या परीक्षेत ओल १० मिलिमीटरहून कमी राहिली तर शंका घ्यावी, पाचहून कमी राहिली तर कोरड तीव्र समजावी. दुसऱ्या परीक्षेत डोळ्यांत रंगद्रव्य घालून पापणी लवल्यानंतर अश्रुपटल किती सेकंदांत फाटते ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटल्यास ते दुबळे मानले जाते. अ जीवनसत्त्वाची शंका असल्यास रक्ताची तपासणी करता येते.

उपचाराचा पाया कृत्रिम अश्रूंचा. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब घालावे लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब मागावेत, कारण ते द्रव्यच वारंवार वापराने पृष्ठभागाला इजा करते. पापण्यांच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून शेक द्यावा. याने भागले नाही, तर दाह शमविणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा अश्रू वाहून नेणारी छिद्रे बंद करणारी बारीक बुचे असे पुढचे उपाय नेत्रवैद्य करतात. मूळ आतड्याचा दाह आटोक्यात आणणे हे तर सर्वांच्या आधी येते.

दोन बाबतींत विशेष सावध राहिले पाहिजे. औषधाच्या दुकानातून मिळणारे स्टिरॉइडयुक्त थेंब लाली तत्काळ घालवितात, म्हणून ते लोकप्रिय आहेत. परंतु त्यांनी डोळ्यांतील दाब वाढतो, मोतीबिंदू होतो आणि जंतुसंसर्ग असल्यास तो भडकतो. आतड्याच्या विकारासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याला हा धोका आधीच असतो, त्यात भर घालू नये. दुसरी गोष्ट अ जीवनसत्त्वाची. त्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. अधिक मात्रेने यकृताला अपाय होतो आणि गरोदर स्त्रीच्या गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. शिवाय ज्याचे शोषणच बिघडले आहे, त्याला किती मात्रा, कोणत्या स्वरूपात द्यावी हे वैद्यच ठरवू शकतो. डोळ्यांत मध, पाल्याचा रस किंवा काजळ घालण्याची रीतही सोडून द्यावी. शुष्क पृष्ठभागावर जंतूंना शिरकाव सोपा असतो.

रायपूरच्या उन्हाळ्यात बाहेर पडताना बाजूंनी झाकणारा चष्मा वापरावा. दुचाकीवर शिरस्त्राणाची काच खाली असावी. कूलरमुळे खोलीतील हवा ओलसर होते, हे डोळ्यांना मानवते, पण त्याचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये.

एका वहीचे महत्त्व

रायपुरात १९६३ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही सुरू झाली. तरीही येथील मराठी कुटुंबांपैकी अनेकांचा ओढा आजही सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपूरकडे असतो. १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि नातीगोती तेव्हापासूनची आहेत. त्यामुळे पोटाचा वैद्य एका शहरात व डोळ्यांचा दुसऱ्या शहरात, असे सहज घडते. एकाचे कागद दुसऱ्याने पाहिलेले नसतात.

यावर उपाय खर्चाचा नाही. रोग्याने एक वही ठेवावी. पोटाच्या विकाराचे नाव, झालेली शस्त्रक्रिया आणि आतड्याचा किती भाग काढला ते, चालू असलेली सर्व औषधे आणि डोळ्यांची तक्रार कधी सुरू झाली याची नोंद तीत असावी. डोळ्यांच्या वैद्याला ती वही दाखवून 'मला आतड्याचा जुना दाह आहे' असे आधी सांगावे. पोटाच्या वैद्यानेही प्रत्येक भेटीत 'संध्याकाळी नीट दिसते ना?' एवढे विचारावे. आतड्याचा दाह समूळ नाहीसा करणे आज वैद्यकाच्या हाती नसले, तरी त्यापायी होणारी डोळ्यांची बरीचशी हानी वेळीच ओळखल्यास टाळता येते.